फुंकणीपाशी जागा

आईची बोरमाळ गौरीच्या दिवशी तुटली. आईच्या गळ्यात नाही, गौरीच्या. मुखवट्यावरून घालताना हिसका बसला, दोरा तुटला आणि मणी घरभर झाले. मोजून सगळे सापडले, एक तेवढा पाटाच्या पायाखाली येऊन चेपला, फाटला.

सोन्या मारुती चौकाच्या मागच्या गल्लीत आमचे ठरलेले सोनार आहेत. त्यांनी मणी चिमट्यात धरला, भिंगातून पाहिला आणि परत माझ्या तळहातावर ठेवला. "आत लाख आहे," ते म्हणाले. बोरमाळेचा मणी आतून पोकळ. पत्रा इतका पातळ की नुसत्या बोटांनी चेपेल, म्हणून आत लाख भरायची. आता फाटलेल्या जागी टाका मारायचा तर आच द्यायला हवी, आणि आच लागली की लाख वितळून उतू येणार, जळणार. म्हणजे आधी लाख काढायची, चेप उठवायचा, टाका मारायचा, पुन्हा लाख भरायची. "एका मण्यासाठी कोण बसणार, काकू? नवा मणी घालतो. हा मोडीत द्या."

मणी मोडीत द्यायला आईची तयारी नव्हती. आणि मला, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, अचानक वाटलं की हे आपणच का शिकू नये? मी तसं विचारलं. काका हसले. "यूट्यूबवर बघा," म्हणाले, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

गौरी-गणपती ते नवरात्र अशी ती शोधाशोध चालली. आमच्या पुण्यात पोहण्यापासून मोडी लिपीपर्यंत कशाचाही क्लास मिळतो. दागिने करण्याचे क्लास तर मागाल तितके. आमच्याच सोसायटीच्या पाटीवर एक कागद होता, किराणा दुकानाच्या काचेवर दुसरा. नथ, मंगळसूत्र, टेराकोटाचे कानातले, रेशमी धाग्याच्या बांगड्या, रेझिनचे पेंडंट. संक्रांतीच्या आधी हलव्याचे दागिने. खरं तर मराठी घरातल्या बाईने केलेला पहिला दागिन्यांचा क्लास बहुधा हाच असतो: नव्या सुनेचा पहिला सण किंवा नातवाचं बोरन्हाण, आणि पुठ्ठा, जर, दोरा घेऊन बसलेल्या चार जणी. ज्यांच्या घरी हलवाही घरीच होतो, त्यांना ठाऊक असतं की मंद आचेवर थेंबथेंब पाक सोडत, हाताने परतत राहिल्याशिवाय तिळावर काटा येत नाही. त्यातही आच सांभाळावी लागते. मला ते फार उशिरा सुचलं.

नथीच्या क्लासला मी गेले. एका बैठ्या घराच्या पुढच्या खोलीत सतरंजी, नऊ बायका, प्रत्येकीपुढे ताटली. ताटलीत सोनेरी मुलाम्याची तार, मोती, मधोमध बसायला लाल खडा, दोन हिरवे. गोल तोंडाची पक्कड आणि कापायची पक्कड. शिकवणाऱ्या बाई हातात तार घेऊन बोलत राहिल्या, आणि बोलता बोलता नथ झाली. आम्हाला तीन तास लागले. मोत्याला मोती टेकवून तार आवळायची, पण जरा जास्त आवळली की मोत्याचं भोक तडकतं. कमी आवळली की नथ नाकात डुलण्याऐवजी लोंबते. बाई म्हणाल्या, "नथीला पोट सुटता कामा नये." माझ्या नथीला सुटलं होतं.

अशा क्लासकडे नाक मुरडणारे लोक मला भेटले. त्यात दागिन्यांची पदवी घेतलेली एक मुलगीही होती. मला ते पटत नाही. पूर्वी प्रत्येक पेठेत पटवेकरी असायचे. सोनाराने मणी, पेट्या, पानं घडवून दिली की दोऱ्यात, रेशमात, तारेत ती गाठवून देणं हे त्यांचं काम. मंगळसूत्र आजही 'गाठवून' आणतात, 'बनवून' नाही. सतरंजीवरच्या त्या नऊ जणी पटवेकऱ्यांच्याच वारस आहेत, फक्त ते त्यांना कुणी सांगितलेलं नाही. शिवाय त्यातल्या दोघी गौरीच्या आधी नथींच्या ऑर्डरी घेतात आणि रविवार पेठेतून मणी, खडे, तार किलोच्या भावाने आणतात.

पण माझा प्रश्न गाठवण्याचा नव्हता. दोरा मी केव्हाच बदलला होता. मला चेपलेला मणी घडवायचा होता, आणि त्याला विस्तव लागतो. म्हणून पुढे प्रत्येक फोनवर मी एकच विचारू लागले: पहिल्या दिवशी ज्योत माझ्या हातात द्याल का?

या एका प्रश्नाने निम्मी यादी गळली.

उरलेल्या ठिकाणी शिक्षणाचे मोठे दरवाजे होते. मुंबईत अंधेरीला जवाहिरांच्या निर्यात परिषदेने २००३ साली काढलेली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ जेम्स अँड ज्वेलरी आहे. आरेखन, संगणकावरचं त्रिमितीय डिझाइन, मेणाचा नमुना, ओतकाम, खडे बसवणं, सगळं रीतसर शिकवतात. शेजारी सीप्झ, जिथून दागिने थेट परदेशी जातात. तिथे मुलं नोकरीसाठी शिकायला येतात, आणि ते योग्यच. सर जे. जे. कला महाविद्यालयातली धातुकामाची परंपरा याहून जुनी. १८९१ मध्ये तिथे रे आर्ट वर्कशॉप्स सुरू झाली ती देशी कारागिरी वर्गात आणण्यासाठीच. आयटीआयच्या राष्ट्रीय यादीत 'गोल्डस्मिथ' नावाचा दोन वर्षांचा ट्रेडही आहे. मात्र यादीत असणं वेगळं आणि आपल्या तालुक्याच्या आयटीआयमध्ये असणं वेगळं. मी ज्या कार्यालयात चौकशी केली तिथल्या साहेबांनी मला वेल्डिंग सुचवलं. वरवर चेष्टा, पण पूर्ण चूकही नव्हे.

सगळ्यात गमतीची गाठ पडली ती प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेशी. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या या योजनेत अठरा व्यवसाय आहेत, त्यात सोनार आहे. पाच-सात दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण, मग पंधरा दिवसांचं पुढचं, दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं व्हाउचर. मी हरखून अर्ज वाचायला घेतला. अर्जदार आधीपासून हाताने तो धंदा करणारा हवा. म्हणजे सोनारकाम शिकायचं असेल तर आधी सोनार असायला हवं. योजनेचा हेतू लक्षात घेतला तर हे बरोबरच आहे. ज्याचं पोट त्या कामावर आहे त्याच्यासाठी ती आहे, चेपलेला मणी घेऊन फिरणाऱ्या हौशी काकूसाठी नाही. तरी अर्ज मिटताना मला जुन्या पेठेतला बंद दरवाजाच दिसला, नुसता सरकारी रंग दिलेला.

तो दरवाजा बंद का, याचं उत्तर जातीत आहे असं आपण पटकन म्हणतो. आहेच. पण ते जमिनीवरही सांडलेलं आहे. दहा ग्रॅमला लाखाच्या पुढे गेलेलं सोनं घ्या. जुन्या हिशेबात तोळ्याच्या शहाण्णव गुंजा, म्हणजे गुंज एक अष्टमांश ग्रॅमच्याही जरा खाली. लाखाचाच भाव धरला तरी गुंजेला बाराशे रुपये होतात. शिकाऊ मुलाच्या हातून कानशीने दिवसभरात गुंजभर कण इकडेतिकडे उडाले की त्याच्या मजुरीहून जास्त सोनं कचऱ्यात गेलं. म्हणून सोनाराच्या दुकानातला केरसुद्धा फुकट नसतो. झारेकरी तो विकत घेतात, जाळतात, धुतात, आणि त्यातून सोनं काढतात. ज्या धंद्यात केराला भाव आहे, तिथे अनोळखी माणसाला पाटावर बसवून कोण घेईल? सोनाराच्या संगतीपासून सावध करणारी म्हण आपल्याकडे आहे. सोनारांचीही गिऱ्हाइकाबद्दल एखादी असणार, पण ती त्यांनी दुकानाबाहेर येऊ दिलेली नाही.

गंमत अशी की जे काम आपल्याला शिकवलं नाही, त्याचे शब्द मात्र आपण मुक्त हस्ते उचलले. कस, कसोटी, मूस. माणूस 'तावून सुलाखून' निघाला असं मी कित्येकदा लिहिलं असेल. तावणं म्हणजे तापवणं, आणि सुलाख म्हणजे सोन्याच्या पोटात छिद्र पाडून आत हिणकस तर नाही ना हे बघणं. वर सोनं आणि आत तांबं निघण्याचे प्रकार इतके झाले असतील की भाषेला त्याचा वाक्प्रचार करावा लागला.

आणखी एक कारण आहे, ते आता फारसं कुणी सांगत नाही. चीनशी युद्ध झालं, आणि जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्ण नियंत्रण आणलं. १४ कॅरटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी. आपल्याकडे पाटल्या, मंगळसूत्र बावीस कॅरटचं. चौदा कॅरटचं सोनं लोकांना सोनं वाटेना. भट्ट्या विझल्या, देशभर कारागीर उघड्यावर पडले, काहींनी जीव दिला. पुढे नियम सैल झाले, १९६८ मध्ये स्वतंत्र कायदा आला, आणि १९९० मध्ये तो रद्द केला तो आपल्या राजापूरचे खासदार, तेव्हाचे अर्थमंत्री मधु दंडवते यांनी. मधली सत्तावीस वर्षं. तेवढ्यात एक पिढी बँकेत गेली, एक रेल्वेत. आमच्या सोनारकाकांचे थोरले भाऊ पोस्टात होते. वडिलांनीच फुंकणी हातातून काढून घेतली, असं काका मला नंतर, ओळख वाढल्यावर म्हणाले. आज पेठेतल्या माडीवर वाकून काम करणारी मुलं बहुतेक बंगालची, मेदिनीपूर-हुगळीकडची. मामाचा हात धरून येतात, तिथेच जेवतात, तिथेच झोपतात, आधी झाडलोट, मग तार ओढणं, मग हळूहळू आच. त्यांचा क्लास असा. त्याची पाटी कुठे लागत नाही.

दसऱ्याच्या आधी कोल्हापूरला एका लग्नाची बोलणी होती, म्हणून गेले. अंबाबाईच्या देवळापासून चार पावलांवर गुजरी. तिथे एका दुकानात मालकांनी साज उलगडून दाखवला. एकवीस पानं: दहा विष्णूच्या अवतारांची, आठ अष्टमंगलाची, एक माणकाचं, एक पाचूचं आणि एक डोरलं. पानांच्या मधे जवमणी. पातळ पत्रा ठशावर दाबून पान उमटवायचं, आणि पुन्हा पोटात लाख. कमी सोन्यात भरघोस दिसावं ही युक्ती. बोरमाळ, साज, ठुशी सगळ्यांमागे तोच काटकसरी डोकेबाजपणा. मी ठसे बघू शकते का विचारलं. लोखंडी, तळहातावर मावणारे, झिजून गुळगुळीत झालेले. मत्स्य कुठला आणि कूर्म कुठला, हे मालकांनी बोटाने चाचपून सांगितलं.

तिथून हुपरीला गेले. हातकणंगले तालुक्यातलं हे गाव चांदीचं. देशभरच्या पायातले पैंजण इथून जातात. रस्त्यावरून चालताना उघड्या दारांतून मोटारीची घरघर, कुठे गॅसच्या ज्योतीचा फुसफुसाट. एका ओसरीवर तिघी बायका बसल्या होत्या. पुढ्यात पाटी, पाटीत चांदीच्या कड्यांचा ढीग. त्या कडीत कडी अडकवत होत्या, बोलत होत्या, मधेच नातवाला हाक मारत होत्या. नजर एकीचीही कामावर नव्हती.

"इथे शिकायचा क्लास असतो का?" मी विचारलं.

"कशाचा?"

"चांदीकामाचा."

तिघी एकमेकींकडे बघून हसल्या. "त्याचा कशाला क्लास? लगीन होऊन आलं की येतंय की."

मी म्हटलं, पुण्यात लोक पैसे भरून शिकतात. सगळ्यात वयस्क बाईने पाटी माझ्याकडे सरकवली. "मग बसा की. आम्हांस्नी पैसं नगंत." अर्ध्या तासात मी बोटभर साखळी केली, तिने ती उचकटून पुन्हा केली. पण ती पुढे जे म्हणाली ते मी वहीत लिहून घेतलं: तिला पैंजण करता येत नाही. तिला पैंजणाची साखळी येते. घुंगरू शेजारच्या घरात, टाका पलीकडच्या आळीत, उजळणी आणखी कुठे. दागिना गावभर फिरून पुरा होतो. चाळीस वर्षं काम करूनही अख्खा पैंजण एकटीच्या हाताने तिने कधी केलेला नव्हता, आणि करावा असं तिला वाटलेलंही नव्हतं. पुण्यातल्या क्लासची जाहिरात काय असते? 'एका दिवसात संपूर्ण दागिना'. दोन्हीकडे दागिनेच शिकतात, पण शिकण्याचं माप किती उलटं.

तो 'एका दिवसाचा' क्लासही मी केला. ज्योत हातात देणारा तो एकमेव सापडला. एका बंगल्याच्या गॅरेजमध्ये, चार जणांना एक टेबल, खिडकीत मोठा पंखा, शिकवणारी तिशीची मुलगी, परदेशात धातुकाम शिकून आलेली. फी नथीच्या क्लासच्या दसपट, आणि त्यात ९२.५ टक्क्यांची चांदी धरलेली. आधी तिने सगळ्यांच्या ओढण्या, मोकळे केस, सिंथेटिक बाह्या बघितल्या आणि बांधायला लावल्या. माझा तिथेच विश्वास बसला.

बोटाचं माप, पट्टी कापणं, तापवून नरम करणं, निमुळत्या लोखंडी सळईवर वाकवणं. मग टाका. इथे मला कळलं की मी पन्नास वर्षं चुकीचं समजत होते. टाका म्हणजे डिंक नव्हे. तो फट बुजवत नाही. दोन टोकं इतकी चपखल भिडायला हवीत की उजेड दिसता कामा नये, मगच तो त्यांच्यामधून धावतो. शुद्ध चांदी ९६१ अंशांना वितळते, ही अंगठीची त्याआधी, आणि टाक्याची मिश्र चांदी त्याहूनही आधी. या शेवटच्या दोहोंमधल्या पट्टीत थांबायचं. आणि टाका आचेकडे धावतो, म्हणून ज्योत टाक्यावर धरायची नाही, आजूबाजूची चांदी तापवायची. टाकणखाराचं पांढरं पाणी आधी फुगतं, मग काचेसारखं पसरतं, मग क्षणभर काहीच होत नाही, आणि अचानक सांध्यावर चकाकी सळकन पळते. तेव्हाच ज्योत काढायची. मी काढली नाही. मला ती चकाकी इतकी आवडली की बघत राहिले, आणि अंगठीची एक बाजू बसली. वितळलेली चांदी दु:खी दिसते, सांडलेल्या दह्यासारखी.

मुलगी म्हणाली, "छान. आता हे परत होणार नाही." तिने दुसरी पट्टी दिली, तिचे पैसे वेगळे लावले. हेही आवडलं.

अंगठी घेऊन मी सोनारकाकांकडे गेले. दाखवायला, खरं सांगायचं तर मिरवायला. नवरात्र संपलेलं, दिवाळीची गर्दी अजून सुरू व्हायची होती. काकांनी सांधा भिंगातून पाहिला, नखाने तपासला. "टाका जास्त झालाय. कानशीने काढलास." बाकी काही बोलले नाहीत. पण 'काकू'वरून 'तू'वर आले होते, ते माझ्या लक्षात आलं. मग मागच्या खोलीतला पडदा सरकवला. भिंतीवर नरहरी सोनारांची तसबीर, त्यांनी डोळे बांधून विठ्ठलाच्या कमरेचं माप घेतलं तो प्रसंग. खाली बुटकं टेबल, ऐरण, जंत्री, म्हणजे तार ओढायची भोकाभोकांची लोखंडी पट्टी. कोपऱ्यात पितळी फुंकणी, वडिलांची.

"आता गॅस आहे. पण आच कळायची तर हिच्यानं." श्वास नाकाने घ्यायचा, गालात साठवायचा, आणि गालातून सोडत असतानाच पुढचा घ्यायचा. सनईवाल्यासारखं. ज्योतीचं टोक निळं आणि स्थिर राहिलं पाहिजे. माझं मिनिटभरही राहीना. डोकं गरगरायला लागलं.

"चारला दुकान उघडतो. तीनला ये. सोनं मिळणार नाही, चांदीही नाही. तांब्याची तार आण."

तेव्हापासून मंगळवार-शुक्रवार जाते. फी विचारली तर ते ऐकू न आल्यासारखं करतात. मी पाव किलो चहापत्ती नेऊन ठेवते. अजून तांब्याची कडी आणि कडीला टाका, एवढंच. बोहरी आळीतून आणलेली माझी पक्कड त्यांनी नापास केली आणि स्वत:ची दिली. आईचा मणी डबीत आहे. काकांनी त्यातली लाख काढून ठेवली आहे. पुढचं कुणी करायचं यावर आम्ही दोघंही बोलत नाही.

परवा निघताना मी उठले, पर्स उचलली, तर त्यांनी हाताने थांबवलं आणि टेबलाखालचा चामड्याचा झोळ माझ्यापुढे धरला.

"पदर झटक."

"काका, तांबंच आहे."

"झटक म्हणतो ना."

मी झटकला. उन्हाच्या तिरिपेत चार लाल कण झोळात पडले. त्यांनी ते बोटाने एका कोपऱ्यात सारले आणि शटर वर करायला गेले.